साताले सहा रस्ते

बाई, गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलीनं शून्याला आठ म्हटलं, आणि मला तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या वर्षांत तुम्ही पुष्कळदा आठवलात, पण दर वेळी मी खाली बस्करपट्टीवर बसलेली असायची आणि तुम्ही टेबलाशी उभ्या असायच्या. या वेळी टेबलाशी मी उभी होते. म्हणून हे लिहायला बसले आहे, आणि जे लिहायचं ते न घाबरता लिहिणार आहे.

वलगावच्या शाळेतला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. तुम्ही अमरावतीहून सकाळच्या एसटीनं यायच्या, साडीच्या निऱ्या एका हातात धरून फाटकातून आत शिरायच्या, आणि आमचा गलका आपोआप थांबायचा. मी तिसरीत होते. आम्ही सगळ्यांनी घरून चिंचोके आणले होते, तुम्हीच सांगितले होते मोजायला. तुम्ही ते फोडून त्यांच्या दोन-दोन पाळ्या केल्या. एक बाजू काळी, एक पांढरी. टेबलावर चार पाळ्या मांडल्या. तीन पांढऱ्या, एक काळी. "पांढऱ्या किती?" तीन. मग दोन. मग एक. मग तुम्ही चारही पाळ्या काळ्या करून ठेवल्या आणि माझ्याकडे बोट केलं. मी उभी राहते, आणि एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला विचारलं याचा मला आनंद होतो. मी जोरात सांगते, "आठ!"

अर्धा वर्ग हसला, पण अर्ध्या वर्गानं मान डोलावली, हे तुम्ही पाहिलं नाही. कारण आमच्या ओट्यावर रोज दुपारी अष्टचंग चालायचा. चार पाळ्या हातात खुळखुळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या पडतील तितकी घरं पुढं जायचं. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे चार. आणि चारही काळ्या पडल्या तर अष्ट, म्हणजे आठ, सगळ्यात मोठं दान. माझी आई काळ्या पाळ्या पडल्या की "आठ वो माय!" म्हणून टाळी द्यायची. शाळेत जे काहीच नव्हतं, ते आमच्या ओट्यावर सगळ्यात जास्त होतं.

"आठ कुठून आले?" तुम्ही विचारलं.

"बाई, आमी असंच खेयतो. काया पडल्या का आठ."

"खेळतो म्हणायचं. आणि काळ्या." तुम्ही आधी माझं बोलणं दुरुस्त केलं. मग त्या पाळ्या मुठीत घेतल्या आणि खिडकीतून बाहेर टाकून दिल्या. "जुगाऱ्याच्या घरचं गणित शाळेत आणायचं नाही. फासे धरणाऱ्या हातानं माझ्या वर्गात पाटी धरायची नाही." मी तो तास दारात उभी राहून काढला. दाराबाहेर कोंबड्या त्या पाळ्यांना चोची मारून पाहत होत्या आणि सोडून देत होत्या.

त्यानंतर वर्षभर मी शून्य लिहिलं नाही. तुमच्या लक्षात आलं होतं का? दोनशे पाच लिहायचं असलं की मी दोन लिहून थोडी जागा सोडायची आणि पाच लिहायची. तुम्ही लाल शाईनं मध्ये शून्य घालायच्या, आणि मी त्या शून्याकडे पाहायची नाही. ते माझं नव्हतंच, तुमचं होतं.

पण मी एकाच दिवसाचा हिशेब मांडला तर तो खोटा होईल. तुमच्या स्वयंपाकघराचाही दिवस आहे. चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी तुम्ही मला मे महिन्यात आठ दिवस अमरावतीला तुमच्या घरी ठेवून घेतलं होतं. आई म्हणाली होती, "बाईच्या घरी कमी बोलजो, जास्त खाऊ नोको." सकाळी उठून पाहते तर तुम्ही पाटावर बसून मुंगाची डाळ वाटून घेतलेली, आणि गच्चीवर ओलं धोतर अंथरलेलं. आपण दोघी मुंगवड्या घालायला बसलो. मी कुठेही घालत सुटले. तुम्ही माझा हात धरला नाही, रागावलाही नाहीत. फक्त तुमच्या बाजूनं सरळ ओळ घालत आलात. एका ओळीत बारा. मला वाटलं, आपलीही ओळ सरळ हवी. सात ओळी झाल्यावर तुम्ही विचारलं, "न मोजता सांग किती?" मी बोट ठेवत मोजू लागले तर म्हणालात, "वड्यांना हात लावायचा नाही, ओल्या आहेत." मग मी डोळ्यांनी दहा-दहा वेगळ्या केल्या, सत्तर; उरल्या प्रत्येक ओळीच्या दोन, चौदा. चौऱ्याऐंशी. तुम्ही डाळीच्या हातानंच माझ्या गालाला शिवलात. तो डाळीचा ठिपका मी दुपारपर्यंत पुसला नव्हता. गुणाकार मला त्या धोतरावर कळला, बाई. तुमच्या वर्गात नव्हे. मी शिक्षिका झाले ती त्या गच्चीमुळे, आणि मी जशी शिक्षिका झाले ती त्या खिडकीमुळे.

आता माझं. मी अकोल्यात राहते. शाळा तालुक्यातल्या एका गावात आहे, दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मोठी म्हणून मुख्याध्यापकाचं काम माझ्याकडे, आणि तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. पहिली कितीतरी वर्षं मी तुमच्यासारखीच शिकवायची. अगदी निऱ्यासुद्धा तशाच धरायची. मग एकदा पावसाळ्यात मैदानावर चिखल झाला म्हणून मुलांना सुट्टीत वर्गात बसू दिलं, तर मागच्या दोन पोरी फरशीवर खडूनं पट आखून अष्टचंग खेळत होत्या. त्यातली एक बेरजेला कधी तोंड उघडायची नाही. ती पटावर मात्र, "मले तीन पाह्यजे, तीन पडले का तुही सोंगटी मेली," असं तीन घरं आधीच मोजून बसली होती. मी पाच मिनिटं दारात उभी राहिले. मग चप्पल काढून त्यांच्याजवळ जाऊन बसले.

तेव्हापासून माझ्या वर्गात फासे आहेत. गावातल्या सुतारानं सागाच्या तुकड्यांचे करून दिले. ठिपके मुलांनी तापल्या खिळ्यानं पाडले, म्हणजे मी पाडले आणि मुलांनी सांगितलं. सुरुवातीला खिचडीच्या ताटल्यांत फासे टाकायचे, तर शेजारच्या वर्गातले सर येऊन म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे गणित चालू आहे की भांडी घासणं?" मग गोणपाट अंथरलं. एक खेळ आहे शंभराचा. सात वेळा फासा टाकायचा, आलेला आकडा दर वेळी दशकात ठेवायचा की एककात, हे आपलं आपण ठरवायचं, आणि सातव्या वेळेला शंभराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं, पण पुढं जायचं नाही. दहा मिनिटांत मुलं जितक्या बेरजा करतात तितक्या मी फळ्यावर लिहून दिल्या असत्या तर त्यांनी मला मनातून शिव्या दिल्या असत्या. फासा चुकीची बेरीज झाली म्हणून डोळे वटारत नाही. आणि हुशार मुलगाही हरतो, त्यामुळे बाकीच्यांना पुन्हा टाकावंसं वाटतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही. पाहून कळलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

शून्याला आठ म्हणणारी मुलगी चौथीतली. जूनमध्ये मी मुद्दाम चिंचोक्याच्या चार काळ्या पाळ्या मांडून विचारते, दर वर्षी विचारते. कुणी ना कुणी 'आठ' म्हणेलच, असं मला वाटायचं; पण हल्लीच्या मुलांच्या घरी मोबाइल आहे, अष्टचंग कमी झाला, आणि कितीतरी वर्षं कुणी म्हटलं नव्हतं. ही उभी राहिली आणि "आठ!" म्हणाली; शेजारच्या ओट्यावर खेळायला शिकली होती, हे मला मागून कळलं. वर्ग हसला. तिचा चेहरा पडायच्या आत मी म्हटलं, "बरोबर. खेळात आठ. आता सांग, खेळ नसला तर किती?" ती पाळ्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मंग तर कायीच नाही." मी म्हटलं, "त्या काहीच नाहीला आपण काय लिहितो?" तिनं फळ्यावर येऊन गोल काढला. एवढंच होतं ते, बाई. एवढ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

दिवाळीपर्यंत ती शंभराच्या खेळात सगळ्यांच्या पुढं होती. एकदा पाच दानांत तिचे त्र्याऐंशी झाले होते, सहावं दान पडलं एक. बाकी मुलांनी एक एककात टाकला असता. तिनं दशकात ठेवला, त्र्याण्णव. मी विचारलं, कावून? (मी वर्गात 'का' म्हणत नाही, असंच विचारते, बाई. राहू द्या.) ती म्हणाली, "शेवटी मोठा आकडा पडला तर तो मोठ्या घरात मावत नाही. म्हनून लहान पडला तवाच त्याले मोठ्या घरात बसवला." शेवटचं दान सहा पडलं. नव्व्याण्णव.

तिचे वडील त्याच वर्षी शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झाले होते. जिनिंगमध्ये कामाला आहेत. केसांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले. शाळेच्या नळासाठी, भिंतीसाठी धावणारा माणूस. संक्रांतीनंतरच्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी चांगल्या हा, मी नाही म्हनत नाही. पन हे फासे आजपासून बंद करा. पोट्टे शायेत जुगार शिकून राह्यले."

मागून एक वहिनी म्हणाल्या, "मंग घरची सापशिडीई बंद करा न भाऊ! यात्रेतून तुमीच तर आनली होती."

"वयनी, तुमी जराशा चूप बसा."

"मी तं चूपच होती. तुमीच जुगार काढला."

बाया हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सांगितलं ते मला नवीन होतं. त्यांचे वडील पोळ्याच्या करीला, जेव्हा गावात पत्ते आणि फासे उघडपणे चालतात, फाशांच्या पटावर बसले. आदल्या दिवशी ज्या बैलाला शिंगं रंगवून, झूल घालून तोरणाखालून आणलं होतं, तो बैल त्यांनी पटावर लावला. "मी आठ वर्साचा होतो. संध्याकायी त्याले दुसऱ्याच्या गोठ्यात पाह्यलं. शिंगाचा रंग तसाच होता. मले पाहून हंबरला तो. तवापासून आमच्या घरात फासा नाही. सापशिडीबी मी फासा फेकून देल्ली, वयनी, पट तेवढा पोरीनं ठेवला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी बंद नाही केलं तं मी हिचं नाव काढतो. परतवाड्याले हिच्या मामाकडं टाकतो."

मामाकडे लहान बाळ होतं, मामी कामाला जायची. परतवाड्याला गेलेली मुलगी शाळेत जाईल की पाळणा हलवेल, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. ती मुलगी खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी काय करू शकले असते? मी म्हणू शकले असते की हे गणित आहे, जुगार नाही. पण त्यांच्या बैलापुढं ते वाक्य फार हलकं होतं. मी मुलीला आत बोलावलं. कपाटातून दोन फासे काढले. म्हटलं, "भाऊ, एकच खेळ खेळा. दोन फाशांची बेरीज करायची. दोनापासून बारापर्यंत एक आकडा तुम्ही धरा, एक ही धरेल. लावायचं काहीच नाही."

ते कितीतरी वेळ फाशांना हात लावेनात. मग म्हणाले, "बारा. धराचा तं मोठाच धराचा." मुलगी म्हणाली, "माहा सात."

त्यांनी फासे उचलले, न खुळखुळवता गोणपाटावर सोडले. सहा आणि सहा.

बाई, अख्खी खोली हसली. वहिनी म्हणाल्या, "घ्या! भाऊचं नशीब त फुल्ल हाय!" त्यांनी फासे असे बाजूला सारले जसं ताट सारतात. "पाह्यलं, मॅडम? असंच होते. पयलं दान असंच पडते, मंग मानूस उठत नाही. माह्या बाबालेबी पयलं दान पडलं होतं." फाशाची हीच तर अडचण आहे, तो कुणाच्या बाजूनं नसतो, माझ्याही नव्हता. मी म्हटलं, "अजून टाका."

त्यांनी टाकले. मुलीनं फळ्यावर दोनापासून बारापर्यंत आकडे लिहून प्रत्येकाखाली रेघ मारायला सुरुवात केली. आठ. पाच. सात. नऊ. सात. दहाव्या दानापर्यंत बाया पुढं सरकून बसल्या होत्या. विसाव्या दानाला ते स्वतःच म्हणाले, "अजून." तीस दानं झाली. साताखाली सात रेघा होत्या. सहा आणि आठाखाली पाच-पाच. बाराखाली एक, ती पहिली.

"सातच कावून येऊन राह्यला?" त्यांनी विचारलं. मला नाही, तिला.

"बाबा, बाराले एकच रस्ता हाय. सहा-सहा." तिनं फळ्यावर लिहिलं. "साताले सहा रस्ते हाय. एक-सहा, दोन-पाच, तीन-चार, चार-तीन, पाच-दोन, सहा-एक. तुमी एका रस्त्यावर उभे, मी सहा रस्त्यांवर उभी."

ते उठून फळ्याजवळ गेले. प्रत्येक जोडीवर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत बेरीज केली. चार-तीन आणि तीन-चार वेगळे कसे, हे त्यांनी विचारलं. तिनं एक फासा डाव्या हातात, एक उजव्या हातात धरून दाखवलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हन्जे जो पट मांडते, त्याले हे माहीत असते?"

"माहीत असते म्हनूनच तो बारा धरत नाही," ती म्हणाली.

ते खडूच्या त्या सहा जोड्यांकडे पाहत होते. त्यांचा बैल आम्हाला कुणाला दिसत नव्हता, त्यांना दिसत असणार. मग टोपी घातली आणि म्हणाले, "फासे राहू द्या, मॅडम. पन शायेतच. कपाटाले कुलूप लावत जा." दारातून परत वळले आणि मुलीला म्हणाले, "चाल. अन् हे चार-तीनाचं घरी आणखी एकडाव सांग मले."

ती आता पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत, सायकलनं जाते. परतवाड्याला दिवाळीत फराळापुरती गेली होती.

बाई, त्या दिवशी घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं की तुमच्या घरातही एखादा बैल असेल. तुम्ही त्या पाळ्या ज्या जोरानं फेकल्या, तो जोर माझ्या उत्तरासाठी नव्हता. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगणाऱ्यांतल्या नव्हतात. तरीही मी लिहिते: त्या दिवशी तुम्ही चुकलात. ज्याला फासा कळला त्याला फाशाची भीती घालावी लागत नाही, आणि ज्याला तो कळला नाही त्याला भीती पुरत नाही. तुम्ही मला तेव्हा वर्गात बसू दिलं असतं आणि म्हटलं असतं, खेळात आठ, बाहेर किती? तर मी तेव्हाच सांगितलं असतं. हे मी रागानं लिहीत नाही. ज्यांनी मला चौऱ्याऐंशी वड्या न मोजता मोजायला शिकवलं, त्यांना हे कळलं असतं याची मला खात्री आहे म्हणून लिहिते.

हे पत्र मी शाळेच्या कपाटात ठेवून देणार आहे. पाकीट आणलेलं नाही. आणि ठेवायच्या आधी एक दुरुस्ती करायची आहे. त्या सभेची गोष्ट मी आता केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत सांगते, अकोल्याच्या प्रशिक्षणातही सांगितली. लोक टाळ्या वाजवतात, विशेषतः तिथं, जिथं बारा पडतात आणि मी म्हणते, अजून टाका. वर तुम्हालाही मी तसंच लिहिलं. बारा पडले तेव्हा मी काहीच म्हटलं नाही, बाई. मी सभेची वही पुढं ओढली होती. "गणिताच्या तासाला फाशांचा वापर बंद करण्याचे सर्वानुमते" एवढं लिहून झालं होतं; ती खोडलेली ओळ वहीत अजून आहे. अजून टाका, असं ती मुलगी म्हणाली होती.